सहा सह्या

आमच्या शाळेतले 'यंदा सर' कधी उशिरा आले नाहीत, कधी रजेवर गेले नाहीत, आणि चौदा वर्षांत त्यांना एकदाही पगार मिळाला नाही. यातल्या शेवटच्या गोष्टीचं आम्हाला नवल नव्हतं, कारण सगळ्या मास्तरांची तीच गत होती. शाळा विनाअनुदानित. सरकार एक ना एक दिवस अनुदान देणार, त्या दिवसापासून पगार सुरू होणार, तोवर शिकवत राहायचं, असा तो कारभार. मराठवाड्यात ज्यांच्या घरात बी.एड. झालेलं माणूस आहे त्यांना हे उलगडून सांगायला नको. बाकीचे म्हणतात, काहीतरीच काय, चौदा वर्षं कुणी फुकट राबतं का? राबतं. मी स्वतः सात वर्षं राबले. अर्धापूरहून रोज एस.टी.नं जायचे, हदगावच्या अलीकडं फाट्यावर उतरायचे आणि दीड किलोमीटर चालायचे. घरी केळीचा मळा होता म्हणून चूल पेटत होती. सासूबाई म्हणायच्या, "पगार न्हाई तर डबा तरी कशाला नेतीस, तिथंच जेवू घाला म्हणावं."

यंदा सर हे नाव पोरांनी पाडलेलं. जूनमध्ये शाळा उघडली की सर पहिल्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत येऊन खिडकीजवळ बसायचे आणि आवाज खाली आणून म्हणायचे, "ताई, यंदा होतंय बगा. फाईल वर गेलीय." मी तोंडाची फटकळ. मी म्हणायचे, "सर, मागच्या जूनमध्येही वरच गेली होती. आता ती ढगात असेल." सर हसायचे. रागवायचे नाहीत. अनुदान एकदम मिळत नाही, टप्प्याटप्प्यानं मिळतं, आधी वीस टक्के, मग पुढचे. आणि या टप्प्यावर सरांचा एक ठरलेला विनोद होता. "एस.टी.चा टप्पा सहा किलोमीटरला येतो. आपला सहा वर्षांनी बी येईना. पण गाडी चालू हाय, बंद न्हाई, एवढं ध्यानात ठेवा." कुणी हसलं नाही तरी ते स्वतः हसून घ्यायचे.

सर मूळचे जळकोटकडचे. म्हणजे लातूर जिल्ह्याच्या एका टोकाचे, आणि नोकरीसाठी आलेले नांदेड जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. नोकरी म्हणायचं आपलं. बायको आणि मुलगी लातूरला. वहिनी तिथं शिकायला आलेल्या पोरांची खानावळ चालवायच्या. त्या सरांच्या मुलीला शिकवत होत्या, घरभाडं देत होत्या, आणि खरं बोलायचं तर सरांनाही त्याच पोसत होत्या. सर इकडं एका पत्र्याच्या खोलीत राहायचे आणि पेरणीच्या दिवसांत संध्याकाळी हदगावला खताच्या दुकानात बिलं लिहायला बसायचे. दुकानात कुणी पालक आला की मान खाली घालायचे. "एकदा गाव सोडलं," ते म्हणायचे, "आता दुसऱ्यांदा सोडायची ताकत न्हाई. माणसानं एकदाच उपटून घ्यावं. रोप बी दोनदा लावलं तर धरत न्हाई."

पण हे वरवरचं. सरांची खरी भीती मला ठाऊक होती, कारण तीच माझीही होती. आपण सोडून जायचं, आणि दुसऱ्या दिवशी अनुदान यायचं. हिमायतनगरकडच्या एका मास्तरची गोष्ट सर नेहमी सांगायचे. अकरा वर्षं थांबला, कंटाळला, हैदराबादला गेला, आणि महिन्याच्या आत शाळेला अनुदान लागलं. त्याच्या जागी आलेला कालचा पोरगा आज पगार घेतो. दर वेळी या गोष्टीत नवी भर पडायची. कधी त्या मास्तरला वेड लागलेलं असायचं, कधी तो त्याच शाळेच्या गेटपाशी पेरू विकत असायचा. तो मास्तर खरंच होता की नाही, देव जाणे. गोष्ट ऐकली की दुसऱ्या दिवशी मी मात्र एक गाडी आधी पकडायचे.

या भीतीचं एक देऊळ होतं, ते म्हणजे मस्टर. हजेरीचं मस्टर हेडसरांच्या टेबलावर असायचं. त्यात खाडा पडला की सेवेत खंड, आणि खंड पडला की आधीची सगळी वर्षं पाण्यात, असं सरांच्या मनानं घेतलं होतं. सही पण कशी? आम्ही सगळे गिरगोटा काढून मोकळे व्हायचो. सर नाव, वडलांचं नाव, आडनाव, तिन्ही पूर्ण लिहायचे, गोल अक्षरात, पहिलीच्या फळ्यावर लिहावं तसं. म्हणायचे, "सही म्हंजी नाव. वाचता आलं पायजे. उद्या तपासणीवाला म्हणला, हे कोण, तर?" ताप भरला की सर आधी शाळेत येत, सही करत, मग दवाखान्यात जात.

त्यांचे वडील वारले तो दिवस मी विसरणार नाही. सकाळी सातला गावाकडून फोन आला होता. सर नऊ वाजल्यापासून शाळेच्या पायरीवर बसून होते. मस्टरचं कपाट उघडायला शिपाई दहाला आला, तोवर ते तिथून हलले नाहीत. सही केली, बाहेर आले आणि मला म्हणाले, "ताई, बाबा गेले. मी निघतो." मला आधी काही कळेना, आणि कळलं तेव्हा मी त्यांच्यावर ओरडले. ओरडून काय उपयोग. तीन गाड्या बदलून ते पोचले तेव्हा धाकट्या भावानं अग्नी दिला होता. चुलते सगळ्यांदेखत म्हणाले, "असली कसली रं नोकरी तुझी?" हे सरांनीच मला दुसऱ्या दिवशी सही करून झाल्यावर सांगितलं, आणि सांगून झाल्यावर विचारलं, "पण अर्ध्या दिवसाची रजा लागली न्हाई ना?"

सर भूगोल शिकवायचे आणि छान शिकवायचे. त्यात स्थलांतराचा पाठ आला की वर्ग पेटायचा, कारण निम्म्या पोरांचे भाऊ नाहीतर बाप पुण्याला किंवा हैदराबादला होते. सर फळ्यावर एका बाजूला माणसाला ढकलणारी कारणं लिहायचे, दुसऱ्या बाजूला ओढणारी. पोरं एकेक सांगायची. एकदा दहावीतल्या एका पोरीनं उभी राहून विचारलं, "सर, तुम्हाला तर दोन्हीकडची कारणं हायत. मग तुम्ही का न्हाई गेले?" मी शेजारच्या वर्गात होते, मधली भिंत अर्धीच, मला सगळं ऐकू आलं. सरांनी खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "पुस्तकात एक कारण राहून गेलंय बाई. भ्याव. ते लिहून घ्या, परीक्षेला येणार न्हाई." वर्ग हसला. मी नाही हसले.

शेवटी वहिनींनी पाय रोवला. त्यांचा भाऊ पुण्याकडं चाकणला होता, त्यानं तिथल्या एका गोडाऊनमध्ये माल मोजून घ्यायच्या कामासाठी सरांचं नाव सांगितलं. आठ दिवस येऊन काम करून दाखवायचं, पटलं तर कायम. वहिनी फोनवर म्हणाल्या, "तुम्ही नोकरीला न्हाई जात, हजेरीला जाता. पोरगी बारावीला आली. आता एकदा तरी जाऊन बघा." सर जायला तयार झाले. पण आठ दिवस म्हणजे मस्टरमध्ये आठ रिकामी घरं.

मधल्या सुट्टीत ते माझ्याजवळ आले. डबा हातातच होता, उघडला नव्हता. म्हणाले, "ताई, तुमचं अक्षर माझ्यासारखंच हाय."

मी म्हणाले, "मग?"

"आठ दिवस. फक्त आठ. माझं काही न्हाई जमणार तिथं, मला माहीत हाय. बघून येतो, म्हंजी हिचं समाधान. हेडसर बघून न बघितल्यासारखं करतील."

मी नको म्हणायला हवं होतं. पण तुम्ही त्यांचा चेहरा पाहिला नाही. पन्नाशीकडं झुकलेला माणूस, माझ्यासारख्या पोरीपुढं, परवानगी मागत उभा. मी म्हणाले, "जा सर. आणि तिथं जमलं तर परत येऊच नका." हे मी अगदी मनापासून म्हणाले होते.

पहिली सही मी इतक्या घाईत केली की वडलांच्या नावातला एक काना राहिला. तो नंतर घातला. दुसऱ्या दिवशी बरी आली. तिसऱ्या दिवशी इतकी हुबेहूब आली की मला स्वतःचीच भीती वाटली. रोज वीस मिनिटं आधी यायचं, हेडसर बाहेर प्रार्थनेची रांग लावत असताना आत शिरायचं, आधी त्यांची, मग माझी. हेडसर एकदा दारात येऊन उभे राहिले आणि तसेच माघारी फिरले. रात्री स्वप्नात पोलीस यायचे, आणि त्यांच्या पुढं सासूबाई. दुपारी सरांचा फोन यायचा. "ताई, झाली का?" झाली म्हटलं की बरं म्हणून ठेवून द्यायचे. पुणं कसं आहे, काम जमतंय का, जेवता कुठं, एक अक्षर नाही. सहा दिवस रोज एवढंच.

सहाव्या दिवशी हेडसरांनी सगळ्यांना बोलावलं. उद्या तपासणी. अनुदानाची. पथक दहा-साडेदहाला येणार, कोण हजर, कोण नाही, ते समोर बघून लिहिणार. चौदा वर्षं ज्याची वाट पाहिली ते उद्या येणार होतं आणि सर चाकणला पोती मोजत होते. मी संडासाच्या मागं जाऊन फोन लावला. पथक किती वाजता येणार, ते सरांनी दोनदा विचारलं. मग म्हणाले, "निघतो. संध्याकाळच्या गाडीनं निघतो. सकाळी आठला नांदेड. दहापर्यंत येतोच. ताई, उद्याची सही तुम्ही करू नका. उद्याची मी करणार."

दुसऱ्या दिवशी मी सातलाच घर सोडलं. आठला फोन लावला, बंद. नऊला लावला, बंद. पथक बरोबर साडेदहाला आलं. तिघं जण होते, त्यातले मोठे साहेब वयस्कर होते आणि वाईट माणूस नव्हते, हे मी मुद्दाम सांगते. त्यांनी मस्टर उघडलं, एकेकाचं नाव घेतलं, आपल्या समोर कागदावर सही घेतली. मी सही केली. सरांचं नाव माझ्यानंतरच होतं. साहेबांनी नाव घेतलं. कुणी उठलं नाही. त्यांनी चष्म्यातून मस्टर बघितलं. "हे काल होते की. सही आहे."

हेडसर माझ्याकडं बघायला लागले. सगळेच बघायला लागले. साहेब मला म्हणाले, "मॅडम, यायला निघाले असतील तर तसं सांगा. वाटेत आहेत असं लिहितो, मग काही अडचण येत नाही."

एवढं सोपं होतं ते. वाटेत आहेत, एवढंच म्हणायचं होतं. पण माझ्या डोक्यात पुढचा प्रश्न आधीच वाजला. कुठून येतायत? पुण्याहून. मग कालची सही कुणाची? परवाची? मला ती सहा घरं दिसत होती, मीच लिहिलेली, आणि समोरच्या कागदावर माझी ताजी सही, शाई अजून ओली. माझी सात वर्षं त्या टेबलावर होती. मी म्हणाले, "माहीत नाही, साहेब."

साहेबांनी तांबड्या पेननं शेरा लिहिला. पथक एक वाजता गेलं. हेडसरांनी शाळा लवकर सोडली. सर आले नाहीत. मी फाट्यावर दोन गाड्या सोडल्या आणि तिसरीत बसले.

पुढं झालं ते थोडक्यात सांगते, लांबवायला मला जड जातं. तो गैरहजेरीचा शेरा संस्थेच्या अध्यक्षांना सोन्यासारखा पडला. सरांच्या जागी अध्यक्षांचा भाचा घेतला गेला. वर्षभरानं आम्हाला पहिला टप्पा लागला, वीस टक्के. शाळेत पेढे वाटले. मी माझा पेढा रुमालात बांधून घरी नेला आणि सासूबाईंनी तो देवापुढं ठेवला. सर मध्ये एकदाच शाळेत आले होते, आपली छडी, नकाशे आणि खडूचा डबा न्यायला. पोरांनी विचारलं तर म्हणाले, "गाडी चुकली रे." माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "ताई, तुमचं झालं, लई बरं झालं." मी त्यांच्याकडं बघितलंही नाही. बघितलं असतं तर सगळं बाहेर पडलं असतं, आणि तेव्हाही मला भीतीच वाटत होती. छडी काखेत धरून ते फाट्याकडं चालत गेले.

दोन वर्षं मी त्यांना फोन केला नाही. गेल्या जूनमध्ये माझ्या भाच्याला लातूरला क्लासला घालायचं होतं. जेवणाची सोय कुठं, हा प्रश्न आला, आणि मी धीर करून वहिनींना फोन लावला. आठ दिवसांनी येते म्हणाले. गेले तर सर घरीच होते, रजेवर आलेले. पोरांच्या पंगतीत वरण वाढत होते. केस पिकले होते, पण पाठ ताठ झाली होती. मला बघून पळी हातात घेऊनच आले. "बसा ताई. आधी जेवा."

जेवताना ते चाकणच्या गोष्टी सांगत राहिले. "तिथं बी रोज सही हाय. पण अंगठ्याची, मशिनवर. दोन पदव्या घेतल्या अन् अंगठा लावून राहिलो." वहिनी हसल्या. "रजा घेतली की पगार कापतात. पण कापायला आधी पगार असावा लागतो ताई, हे मला लई उशिरा कळलं." भाच्याला म्हणाले, "शिकून झालं की जा बाबा, कुठं बी जा. वाट बघत बसू नको. मी उशिरा गेलो. उशिरा गेलेल्याला तिथं कुणी काका म्हणतं, कुणी अंकल, नावानं कुणी हाक मारत न्हाई."

हात धुतले आणि पोरं उठून गेल्यावर मी सगळं सांगून टाकलं. साहेबांनी काय विचारलं होतं, मी काय म्हणाले. एका दमात सांगितलं, कारण थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं.

सर शांतपणे म्हणाले, "हेडसरांनी मला तवाच सांगितलं होतं." मग माझ्यासमोर बसले. "आता माझं ऐका. मी त्या दिवशी सकाळी आठला नांदेडच्या स्टँडवर होतो. हदगावची गाडी समोर लागलेली. मी पोहे घेतले. गाडी गेली. दुसरी लागली, ती बी गेली. मुद्दाम चढलो न्हाई. म्हणलं, आता चढलो तर वीस टक्के मिळतील, अन् बाकीच्या ऐंशीसाठी मी मरेपर्यंत त्या खोलीत बसून राहीन. मोबाईल मीच बंद केला होता. तुम्ही काय बी सांगितलं असतं तरी मी येणार नव्हतो. तुमचा काही संबंधच न्हाई."

दोन वर्षं छातीवर होता तो धोंडा उतरला. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं आणि बरंही वाटलं. सर भाच्याला खानावळीच्या वेळा समजावून सांगायला लागले. आम्ही निघालो तेव्हा ते दारापर्यंत आले, आणि वहिनी पायात चपला सरकवून कोपऱ्यापर्यंत सोडायला आल्या.

भाचा रिक्षात बसला. वहिनींनी माझा दंड धरला. "ताई, एक सांगते. ह्यांचं बोलणं खरं धरून तुम्ही जाऊ नका, मला ते बरं वाटंना. गाडी गंगाखेडच्या अलीकडं बंद पडली होती त्या दिवशी. फोनची बॅटरी संपलेली. मिळंल त्यात बसत, एका ट्रकात उभं राहून, चारला तुमच्या फाट्यावर उतरले. पळत गेले आतवर. शाळेला कुलूप."

मी विचारलं, "मग पोहे, दोन गाड्या..."

"तुमचा फोन आला तवापासून जुळवून राहिले ते. आठ दिवस. मला दोनदा म्हणून दाखवलं, असं सांगू का तसं सांगू. म्हणले, ती पोरगी त्या दिवशी लई भेलेली असणार, तिला आता तरी झोप लागू दे." वहिनींनी पदरानं तोंड पुसलं. "मी सांगितलं हे ह्यांना कळू देऊ नका. तेवढं गप्प बसा."

मी हो म्हणाले. गप्प बसणं मला जमतं.